‘पाठलाग’ : ओळख पटवण्याचा खटला

मराठी रहस्यपटांचा विषय निघाला की ‘पाठलाग’चं नाव येतं आणि त्यापाठोपाठ एक ठरलेलं वाक्य येतं : ‘म्हणजे ज्यावरून ‘मेरा साया’ काढला तो.’ मीही हे दोन चित्रपट उलट्या क्रमानेच पाहिले. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावी जत्रेच्या तंबूत आधी हिंदी पाहिला. मराठी पाहायला मिळाला तो कित्येक वर्षांनी, सीडीवर. मूळ चित्रपट आपण त्याच्या नकलेशी ताडून बघतो आहोत, हे ध्यानात यायलाही वेळ लागला.

राजा परांजपे यांनी ‘पाठलाग’ १९६४ साली दिग्दर्शित केला. त्याला आधार जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीचा. गीतं ग. दि. माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचं. प्रमुख भूमिकांत काशिनाथ घाणेकर आणि भावना. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीचा मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याची निवड झाली. १९६५ मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम’ आला, १९६६ मध्ये राज खोसला यांचा ‘मेरा साया’. दोन वर्षांत दोन भाषांनी उचलावं असं या कथेत काय होतं?

वकिलाची बायको वारते. तिचे अंत्यसंस्कार तो स्वतःच्या हातांनी करतो. पुढे गुन्हेगारांच्या टोळीतली म्हणून पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक बाई कोर्टात सांगते, ‘मी यांची पत्नी.’ नवराबायकोलाच ठाऊक असतील अशा गोष्टी ती बोलू लागते. वरवर पाहता हा गुन्ह्याचा खटला. पण गुन्हा कोणी केला यापेक्षा ही बाई कोण, हाच प्रश्न प्रेक्षकाला धरून ठेवतो. पेच असा की तिला खोटं ठरवायला उभा राहिलेला माणूसच तिची ओळख पटवू शकेल असा एकमेव साक्षीदार आहे. संसारातल्या खासगी आठवणी हाच तिचा पुरावा, आणि भर कोर्टात त्या उघड केल्याशिवाय तो पुरावा उभा राहत नाही.

देवकुळ्यांच्या शीर्षकाने शेवट आधीच सांगून टाकला होता. चित्रपटाने नाव बदललं, रहस्य झाकलं. ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ (दोन्ही १९५२) देणारा दिग्दर्शक रहस्याकडे वळला याचं अनेकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. प्रेक्षकाला कोणती गोष्ट केव्हा कळू द्यायची, हा हिशेब विनोदालाही लागतो आणि रहस्यालाही. घाणेकर तर १९६२ च्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधल्या संभाजीच्या भूमिकेमुळे रंगभूमीवर गाजत होते. कोर्टातले प्रसंग शब्दांवर आणि आवाजावर चालतात. तिथे रंगमंचावर कसलेला नट उपयोगी पडतो.

खोसला रहस्यपटातले जाणकार. साधनाला घेऊन त्यांनी १९६४ मध्येच ‘वो कौन थी?’ केला होता, आणि त्याची उकलही जुळ्या बहिणीपाशीच होते. ‘मेरा साया’त त्यांनी वकिलाला ठाकूर केलं, उदयपूरचे महाल आणि रंग आणले. चित्रपट देखणा झाला, पण संशय पातळ झाला. कृष्णधवल चित्रात उजेड आणि सावली एवढंच हाती असतं; दोन चेहऱ्यांतला फरक शोधताना प्रेक्षकालाही पुरावा कमी पडतो. गीतांतही हा फरक दिसतो. हिंदी शीर्षकगीत सावलीभोवती फिरतं, तर ‘पाठलाग’मधलं आशा भोसले यांनी गायलेलं प्रमुख गीत डोळ्यांभोवती. डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानावं का, हाच तर इथला वाद आहे.

या चित्रपटाची एक पळवाट मात्र सांगितलीच पाहिजे. मेलेली बाई म्हणजे नवऱ्याला माहीत नसलेली जुळी बहीण, ही उकल रहस्य सोडवते आणि मोठा प्रश्न बाजूला सारते. सगळा कलंक बहिणीसोबत जळून जातो, पत्नी निष्कलंक परत येते. ती खरंच काही काळ त्या टोळीत राहिली असती तर? मग ओळख पटूनही नवऱ्याने तिला घरात घेतलं असतं का? १९६४ च्या चित्रपटाने हे विचारलं नाही. दोन वर्षांनी हिंदीनेही विचारलं नाही.

मी तहसील कचेरीसमोर बसून अर्ज लिहून देतो. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे, असं प्रतिज्ञापत्र करून घ्यायला बायका रोज येतात. सोबत आलेला नवरा ‘हीच ती’ म्हणून मान डोलावतो, तरी कागद लागतोच. एखादीच्या सोबत तो नवराही नसतो. तेव्हा कोर्टात उभी असलेली भावना मला आठवते. ‘मेरा साया’ची ठाकुरीण अशा वेळी कधी आठवली नाही. ‘पाठलाग’ला हिंदीची पूर्वतयारी म्हणून बाजूला ठेवू नये असं मला वाटतं, त्याचं कारण हे आहे.