वाद्याविना मंच : 'बँडस्टँड' या सामासिक शब्दाचा अर्थप्रवास

परभाषेतून आलेल्या शब्दांचा विचार मराठीत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. भाषाशुद्धीच्या भूमिकेतून पाहणाऱ्यांना असा शब्द घुसखोर वाटतो; तर महानगरी साहित्याचे समर्थन करणाऱ्यांना तो वास्तवाचा पुरावा वाटतो. या दोन्ही भूमिका परस्परविरोधी भासल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. शब्द आपला अर्थ बरोबर घेऊनच येतो, आणि प्रश्न उरतो तो केवळ त्याला आत घ्यावे की बाहेर ठेवावे एवढाच, असे दोन्ही पक्ष मानतात. वांद्र्याच्या किनाऱ्यावर रुजलेला 'बँडस्टँड' हा शब्द या गृहीतकालाच आव्हान देतो. तो इंग्रजीतून आला हे खरे. परंतु आज त्याचे जे अर्थ आहेत त्यांतील एकही इंग्रजीतून आलेला नाही.

मूळ इंग्रजी शब्दाची रचना पारदर्शक आहे. वाद्यवृंदाने उभे राहून वादन करावे यासाठी बांधलेला, बहुधा छत असलेला उंच चौथरा, असा त्याचा अर्थ होतो. लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन येथील उद्यानात १८६१ मध्ये असे मंच उभारले गेले आणि पुढे सार्वजनिक उद्यानांचे ते एक ठरीव अंग बनले. औद्योगिक शहरातील नागरिकाने आपला फावला वेळ सभ्यपणे, शिस्तीने आणि उघड्यावर घालवावा, ही व्हिक्टोरियन धारणा त्यामागे होती. साम्राज्याबरोबर ही वास्तू भारतात आली. मुंबईत कूपरेजचा बँडस्टँड १८६७ मधला. म्हणजे हा शब्द येथे आला तेव्हा तो केवळ वस्तुवाचक नव्हता. सार्वजनिक ठिकाणी कसे वागावे, याविषयीचा एक संकेतही त्याच्यासोबत होता. अमेरिकेत या शब्दाने निराळी वाट धरली. १९५७ पासून देशभर दिसू लागलेल्या 'अमेरिकन बँडस्टँड' या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे तो तरुणांच्या नृत्यसंगीताशी जोडला गेला. तेथे चौथरा गेला, पण संगीत राहिले. वांद्र्यात मात्र संगीतही गेले आणि नाव तेवढे उरले.

हे कसे घडले हे समजण्यासाठी समासाच्या दोन्ही पदांकडे मराठीच्या बाजूने पाहावे लागते. 'बँड' आणि 'स्टँड' ही पदे मराठीत स्वतंत्रपणे नांदत आहेत. 'बँड' म्हणजे लग्नाच्या वरातीपुढे चालणारे पथक. आणि 'बँड वाजणे' म्हणजे फजिती किंवा दुर्दशा होणे. 'स्टँड' हे पद तर 'एसटी स्टँड', 'रिक्षा स्टँड', 'टॅक्सी स्टँड' अशा समासांतून महाराष्ट्रभर पोहोचले असून, वाहने उभी राहण्याची जागा हाच त्याचा मराठी अर्थ आहे. या पदांचे मराठी अर्थ जुळवून विग्रह केला, तर 'बँडस्टँड' म्हणजे भाड्याने मिळणारी बँडपथके गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी असतात ती जागा, असा अर्थ निघायला हवा. 'रिक्षा स्टँड'च्या न्यायाने तो पूर्णतः तर्कशुद्ध आहे. परंतु मुंबईतील मराठी भाषक असा विग्रह कधीच करीत नाही. दोन्ही पदे ओळखीची असूनही समास फोडला जात नाही, हीच येथील लक्षणीय गोष्ट होय.

आपल्या परंपरेत शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद सांगितलेले आहेत. 'पंकज' हे योगरूढाचे प्रसिद्ध उदाहरण. चिखलात उगवणारे सर्वच काही पंकज नव्हे. पण कमळ चिखलात उगवते हे सत्यच राहते. 'बँडस्टँड' या पायरीच्याही पुढे गेला आहे, कारण त्यातील योग निमाला आणि केवळ रूढी उरली. सोस्यूरने सामासिक शब्दांना अंशतः सकारण चिन्हे मानले होते. अवयवांच्या अर्थाने त्यांच्या यादृच्छिकतेला मर्यादा पडते, असे त्याचे प्रतिपादन. वांद्र्यात या चिन्हाचे कारण लोपले आणि ते पुन्हा यादृच्छिक झाले. व्याकरणही याची साक्ष देते. 'बँडस्टँडवर फिरणे' या प्रयोगात पृष्ठभागाची जाणीव अजून शिल्लक आहे. परंतु 'बँडस्टँडला जाणे' असे म्हणताच शब्द 'दादरला', 'नाशिकला' यांच्या पंक्तीत जाऊन बसतो. सामान्यनामाचे विशेषनाम झाल्याची ही खूण होय.

येथे एक आक्षेप संभवतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्येच म्हटले होते की, विशेषनाम व्यक्तीचा वा वस्तूचा निर्देश करते, तिचे गुण सांगत नाही. मग स्थळनाम झालेल्या शब्दाच्या 'विविध अर्थां'ची चर्चा कशासाठी? या आक्षेपाचे उत्तर प्रत्यक्ष वापरातच मिळते. 'ती दोघे परवा बँडस्टँडवर दिसली' हे वाक्य ऐकणाऱ्याला पुढचे काही सांगावे लागत नाही. 'त्याने बँडस्टँडला घर घेतले' या वाक्यातून पत्ता कळण्याआधी सांपत्तिक स्थिती कळते. निर्देश एकच असताना प्रतीती दोन होतात, आणि हे काम व्यंजनेचे आहे.

तत्पूर्वी लक्षणेने आपले काम केलेले असते. मम्मटाने लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन अशा तीन अटी सांगितल्या. गंगेवरील गवळीवाडा म्हणजे प्रवाहातला नव्हे, तर काठावरचा. तसेच बँडस्टँडवरील घर म्हणजे चौथऱ्यावरचे नव्हे, तर त्याच्या परिसरातले. चौथऱ्याचे नाव किनाऱ्याला मिळाले ते सान्निध्यसंबंधाने, आणि ते टिकले ते रूढीने. पुढचे अर्थ मात्र या किनाऱ्यावर काय घडले त्यातून आले. मुंबईच्या एकेका खोलीत तीन-तीन पिढ्या राहत असताना एकांत घरात मिळणे अशक्य होते. तो उघड्यावर, खडकांच्या आडोशाने, समुद्राकडे तोंड करून शोधावा लागला. 'प्रेमिकांची जागा' या अर्थामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा घरांची टंचाई अधिक आहे. नंतर बंगले व इमारती चित्रपटतारकांमुळे ओळखल्या जाऊ लागल्या. शाहरुख खान यांच्या 'मन्नत'समोर जमणारी गर्दी ही या अर्थाची सर्वपरिचित खूण.

हे दोन अर्थ एकाच फरसबंदीवर नांदतात. परंतु त्यांच्या दिशा विरुद्ध आहेत. जोडपी समुद्राकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून बसतात. चाहते बंगल्याकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहतात. पहिल्यांना कोणी पाहू नये असे वाटते, दुसरे पाहण्यासाठीच आलेले असतात. विशेष हे की, मंच आणि प्रेक्षक हा मूळ शब्दातील संबंध दुसऱ्या अर्थातून, वादकांवाचून, परत आला आहे. मात्र मूळ शब्दात सूचित असलेली श्रोत्याची शिस्त दोन्ही अर्थांनी झुगारली.

एक अर्थ मात्र या नावात कधीच शिरला नाही. 'वांद्रे' हे नाव सामान्यतः 'बंदर' या शब्दाशी जोडले जाते. म्हणजे गावाच्या नावात कष्टाच्या किनाऱ्याची आठवण मानली गेली आहे. जवळच चिंबईचा कोळीवाडा आहे. मासेमारीवर जगणाऱ्यांना किनारा ही फिरण्याची जागा नसून कामाची जागा असते. 'बँडस्टँड' हा शब्द फावल्या वेळाचा. त्याचे अर्थ कितीही बदलले तरी ते सारे फावल्या वेळाचेच राहिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रहिवाशांच्या पुढाकाराने आणि वास्तुरचनाकार पी. के. दास यांच्या आराखड्यानुसार येथील किनारपथ सुधारला, सर्वांना खुला राहिला, हे मोलाचेच. तथापि, नाव ज्या दृष्टीने किनारा पाहायला शिकवते तिच्यात जाळे बसत नाही. शब्दाचा अर्थविस्तार होताना त्याने काय वगळले हेही वाचता आले पाहिजे.

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने याचे महत्त्व उघड आहे. मर्ढेकरांनी इंग्रजी शब्दांना मराठी प्रत्यय लावले, तेव्हा त्यांचा परिणाम त्या शब्दांच्या परकेपणावर अवलंबून होता. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) या संग्रहाने मात्र एका स्थळनामालाच काव्यार्थ दिला. तेथे शब्द परका की आपला हा प्रश्नच उरला नाही. 'बँडस्टँड' दुसऱ्या वर्गातला आहे. 'महापौर' हा सावरकरांचा प्रतिशब्द रुजला, कारण पद तेच राहून केवळ नाव बदलले. 'बँडस्टँड'ला 'वाद्यमंच' म्हटले, तर जे येथे उरलेलेच नाही त्याचे भाषांतर होईल आणि जे आहे ते हातून निसटेल. म्हणूनच एखाद्या कथेत हा शब्द येतो तेव्हा तो मराठी आहे काय, असे विचारून भागणार नाही. तेथील पात्र समुद्राकडे पाहत आहे, बंगल्याकडे पाहत आहे, की जाळे सुकवत आहे, हे विचारावे लागेल. शब्दाचा अर्थ त्या उत्तरावर ठरेल.