कुरूप ठरविण्याचा अधिकार

२००५ साली लंडनच्या 'टाइम आउट' साप्ताहिकाच्या वाचकांनी त्या शहरातील सर्वांत कुरूप इमारत निवडली. मान मिळाला तो टेम्स नदीच्या दक्षिणेकडील 'एलिफंट अँड कॅसल शॉपिंग सेंटर'ला. २०२१ मध्ये ही इमारत पाडण्यात आली. या दोन घटनांमध्ये सोळा वर्षे गेली. तरी त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. आधी निकाल लागतो, मग शिक्षा होते. हा क्रम आपल्या ओळखीचा आहे.

ही इमारत १९६५ मध्ये मोठ्या थाटात उघडली. युरोपातील पहिल्या छताखालच्या बाजारपेठांपैकी एक म्हणून तिचा गाजावाजा झाला. ज्या संपन्न गिऱ्हाइकासाठी ती बांधली होती ते गिऱ्हाईक मात्र फारसे फिरकले नाही. पुढे तिला भडक गुलाबी रंग फासण्यात आला. पांढरपेशांनी पाठ फिरविली आणि त्या मोकळ्या जागेत दुसरी माणसे आली. कोलंबिया, इक्वेडोर, बोलिव्हिया अशा देशांतून आलेल्या माणसांनी येथे खानावळी, केशकर्तनालये, शिवणकामाची आणि गावी पैसे पाठविण्याची दुकाने थाटली. यांतील अनेकांचे हात पहाटेच्या अंधारात लंडनमधील कचेऱ्या झाडणारे, पुसणारे. वरच्या मजल्यावर बोलिंग आणि बिंगोचा हॉल होता. आकड्यांच्या या स्वस्त खेळासाठी वयस्क कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष तेथे नेहमी जमत. खेळ हे निमित्त. चार माणसांत बसणे हे खरे काम. शेजारी कोरोनेट. एकोणिसाव्या शतकातले नाटकगृह, नंतर सिनेमागृह, अखेरीस नाचगाण्याचा हॉल. तो जानेवारी २०१८ मध्ये बंद पडला.

आता रस्त्यापलीकडे पाहू. तेथे लंडन कॉलेज ऑफ कम्युनिकेशन उभे आहे. पूर्वीचे त्याचे नाव लंडन कॉलेज ऑफ प्रिंटिंग, म्हणजे छपाईचा कसब शिकविणारी ही संस्था. २०१३ मध्ये शॉपिंग सेंटरची मालकी बदलली आणि पुनर्विकासाची योजना आकाराला आली. शॉपिंग सेंटर पाडायचे, त्या जागी कॉलेजला नवी वास्तू द्यायची, कॉलेजच्या जुन्या जागेवरही मनोरे उठवायचे. घरे एकूण ९७९. साउथवर्क कौन्सिलच्या समितीत जानेवारी २०१८ मध्ये या योजनेला बहुमत मिळाले नाही. जुलैमध्ये सुधारित योजना मंजूर झाली. गरिबाला परवडेल अशा सरकारी दराच्या भाड्याची घरे त्यात ११६ आहेत. आणि हा आकडाही आंदोलनाच्या रेट्याने वाढलेला!

लोकांनी शंका का घेतली? कारण शेजारची हेगेट वसाहत त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. १९७४ मध्ये पूर्ण झालेली ती हजारावर घरांची सरकारी वसाहत. तिच्याही नावाने 'भकास', 'गुन्हेगारीचा अड्डा' असा गजर झाला आणि ती जमीनदोस्त झाली. त्या जागी अडीच हजारांच्या आसपास घरे उभी करण्याचे ठरले. मूळ मंजुरीत जुन्या दराच्या भाड्याची घरे होती फक्त ८२.

येथे समीक्षेचा प्रश्न उपस्थित होतो. 'कुरूप' हा शब्द डोळ्यांचा आहे की वर्गाचा? ज्यांनी मत दिले त्यांतल्या कितीजणांनी त्या खानावळीत बसून जेवण केले असेल? इमारतीकडे रस्त्यावरून पाहणारा तिचा दर्शनी भाग पाहतो. आत बसणारा तिची ऊब पाहतो. प्रस्थापित सौंदर्यदृष्टी पहिल्यालाच रसिक म्हणते. दुसऱ्याला ती मोजतच नाही. आपल्या साहित्यावर हेच झाले नाही काय? १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा भाषा ओंगळ म्हणून नाके मुरडली गेली. ज्या वस्तीतून ती भाषा आली तिच्याविषयी मात्र अभिरुचीवाल्यांना कधी अस्वस्थ व्हावेसे वाटले नव्हते. कविता निदान पाडता येत नाही. इमारत पाडता येते.

परंतु आपणही एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. ती इमारत जुनाट झाली होती, हे खरेच आहे. जी पाडायचीच आहे अशी चर्चा वर्षानुवर्षे चालते तिची डागडुजी कोण करणार? तरीही मोडकळीचे गोडवे गाणे हे आपले काम नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या उदात्तीकरणाला ठाम नकार दिला. तो नकार शहरातल्या वस्तीलाही लागू आहे. गळक्या छताखाली जगणे ही संस्कृती नाही. ती माणसावर लादलेली अवस्था आहे. नवी इमारत हवी, चांगली हवी, उजेडाची हवी. आक्षेप नवेपणाला नाहीच. आक्षेप आहे तो याला, की जुन्यातली गैरसोय ज्यांनी सोसली त्यांना नव्यातली सोय मिळत नाही. २४ सप्टेंबर २०२० रोजी शॉपिंग सेंटर बंद झाले तेव्हा काही दुकानदारांना जवळपास पर्यायी गाळे मिळाले, काहींना मिळाले नाहीत. गाळा मोजता येतो, बदलून देता येतो. एका छताखाली जमलेला गोतावळा कोणत्या करारात लिहायचा?

आणखी एक गोष्ट शिक्षक व विद्यार्थी वाचकांनी ध्यानात घ्यावी. या योजनेचा सर्वांत गोजिरा चेहरा शिक्षणाचा होता. कॉलेजला नवे आवार मिळणार म्हटल्यावर विरोध करणारा शिक्षणद्रोही ठरतो. आपल्या लेखी तर शिक्षण हे मुक्तीचे साधन. म्हणूनच ते कोणाच्या पायाखालची जमीन काढून घेऊन उभे राहते, हे विचारण्याची जबाबदारी इतरांपेक्षा आपल्यावर अधिक. २०१८ मध्ये त्याच कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी आपल्याच इमारतीत ठाण मांडून या योजनेला विरोध केला. ज्यांना लाभ मिळणार होता त्यांनीच तो नाकारला. छपाई शिकविणाऱ्या संस्थेच्या परंपरेला हे शोभणारे होते.

लढा न्यायालयात हरला. २०१९ मध्ये एकदा आणि मे २०२१ मध्ये अपिलातही. पण ११६ घरे आणि जे थोडे पर्यायी गाळे मिळाले, ते कोणाच्या औदार्यातून आलेले नाहीत. ते भांडून घेतलेले आहेत. पुढच्या वेळी कोणी एखाद्या वस्तीला, बाजाराला, नाटकगृहाला कुरूप म्हणेल तेव्हा आपण सौंदर्यावर वाद घालत बसू नये. दोनच प्रश्न विचारावेत. आज आत कोण बसते? आणि नवे दार उघडेल तेव्हा तीच माणसे आत असतील काय?