निद्रिस्त अंतःपुर आणि पुरुषी दृष्टी

अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’तील पाचवा सर्ग महाभिनिष्क्रमणाच्या रात्रीचा आहे. सोन्याच्या दीपवृक्षांनी उजळलेल्या महालात वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया झोपी जातात. सिद्धार्थ तेवढा जागा असतो. कुणी मृदंगाला कवटाळून पडलेली, कुणाचे तोंड उघडे, कुणाची लाळ गळते आहे, असे दृश्य तो पाहतो. स्त्रियांचा स्वभावच अशुचि व विकृत असून वस्त्राभरणांमुळे पुरुष फसतो, हा निष्कर्ष त्यातून निघतो. विनयपिटकाच्या ‘महावग्गा’त जवळजवळ हेच दृश्य वाराणसीच्या यशाच्या कथेत येते; तेथेही रात्रभर तेलाचा दिवा जळत असतो.

या दृश्यातील सत्तासंबंध रात्रीनेच घडविला आहे. पाहणारा जागा आहे. पाहिली जाणारी निद्रिस्त आहे. तिला पदर सावरता येत नाही, उलट पाहता येत नाही, उत्तर देता येत नाही. चौथ्या सर्गात उद्यानातील याच स्त्रिया बोलतात, हसतात, पुढाकार घेतात. रात्र त्यांची वाणी काढून घेते. विशेष म्हणजे त्यांना झोप आणणारे आणि त्यांचे अंगविक्षेप घडविणारे अकनिष्ठ देव आहेत, असे कवीच सांगतो. कृती देवांची आणि दोष मात्र स्त्रीस्वभावाचा! राजपुत्राच्या रंजनासाठी राबणाऱ्यांच्या देहावर अशुचित्वाचा शिक्का बसतो. जन्मावरून अशुद्ध ठरविण्याची रीत ज्यांनी सोसली, त्यांना या न्यायाची ओळख पटावी. आसक्तीची दृष्टी आणि किळसेची दृष्टी या वरवर परस्परविरोधी वाटतात. पण दोन्ही स्त्रीला केवळ देह मानतात.

अश्वघोषाला याची जाणीव नव्हती, असे म्हणता येणार नाही. आठव्या सर्गात त्याची यशोधरा कंथकाला, लोक झोपले असता रात्री रत्न चोरणाऱ्या चोराची उपमा देते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उदायी व स्त्रियांचा प्रसंग ठेवला. निद्रिस्त अंतःपुराची रात्र मात्र वगळली. तेथे गृहत्यागाचे कारण रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत उद्भवलेला संघर्ष हे आहे. सिद्धार्थ यशोधरेशी बोलून निघतो. ती जागी आहे, त्याचा निर्णय योग्य मानते. राहुलाचा सांभाळ करावयाचा नसता तर आपणही परिव्रज्या घेतली असती, असे सांगते. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर जरा-व्याधी-मृत्यू पाहिलेच नव्हते हे बुद्धीला पटत नाही, म्हणून बाबासाहेबांनी परंपरागत कथा नाकारली, हे आपण जाणतो. परंतु या बदलाने दृष्टीचीही शुद्धी झाली, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी सकाळी नागपुरात बाबासाहेब व सविता आंबेडकर यांनी एकत्र दीक्षा घेतली आणि त्यानंतर लाखो स्त्री-पुरुषांनी. हा गृहत्याग नव्हता. पण जीवनातील महान निर्णय उजेडात, परस्परांच्या साक्षीने घेता येतो, हे त्या सकाळीही दिसले. म्हणून ज्या विहारात निजलेल्या यशोधरेचे चित्र लावलेले असेल, तेथे त्याशेजारी बोलणाऱ्या यशोधरेचेही चित्र असावे.