स्मृती हाच निर्णायक आघात : ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ या अ‍ॅनिमेशनपटाच्या कथनगतीचे समर्थन

प्रस्तावना :

हारुओ सोतोझाकी दिग्दर्शित आणि युफोटेबल या जपानी संस्थेने निर्माण केलेला ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा अ‍ॅनिमेशनपट जपानमध्ये १८ जुलै २०२५ रोजी, तर भारतात १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. कोयोहारू गोतोगे यांची मूळ चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. तिच्या अंतिम पर्वावर योजलेल्या तीन चित्रपटांपैकी हा पहिला होय. भारतात तो जपानी व इंग्रजीबरोबरच हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांतही दाखविला गेला.

सुमारे १५५ मिनिटांच्या या चित्रपटावर एक आक्षेप सातत्याने घेतला जातो. युद्ध ऐन रंगात आले असता कथा भूतकाळात शिरते, त्यामुळे गती खुंटते, असा तो आक्षेप आहे. प्रस्तुत लेखात या आक्षेपाची चिकित्सा केली असून चित्रपटाची कथनगती त्याच्या आशयातूनच कशी निष्पन्न होते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कथाकाल आणि कथनकाल :

फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये कथाकाल व कथनकाल यांतील भेद तपशिलाने मांडला. घटना घडण्यास लागणारा काळ आणि ती सांगण्यास लागणारा काळ हे दोन्ही सारखे नसतात. या दोहोंच्या प्रमाणातून कथेची गती ठरते. उपरोक्त आक्षेपामागे मात्र एक वेगळेच गृहीतक आहे. पडद्यावरील शारीरिक हालचाल म्हणजे गती आणि हालचाल थांबली की कथा थांबली, असे ते गृहीतक होय. ते स्वीकारल्यास युद्धकथेतील प्रत्येक स्मृती, प्रत्येक संवाद व्यत्ययच ठरेल. म्हणून प्रश्न असा विचारावयास हवा की, भूतकाळात गेल्याने युद्धाच्या परिणामात काही बदल होतो की नाही?

तीन युद्धे, तीन गती :

चित्रपटात तीन प्रमुख संघर्ष आहेत आणि तिन्हींची गती भिन्न आहे. शिनोबू ही राक्षसांचे मस्तक छेदण्याइतके बळ नसलेली, विषाच्या आधारे लढणारी योद्धा आपल्या बहिणीचा वध करणाऱ्या दोमाशी झुंजते आणि पराभूत होते. या संघर्षाचा हिशेब जाणीवपूर्वक अपूर्ण ठेवला आहे. झेनित्सू आणि त्याचा एकेकाळचा गुरुबंधू काइगाकू यांचे युद्ध विजेच्या वेगाने निकाली निघते. शिष्य राक्षस झाला म्हणून गुरूने केलेला आत्मघात येथे इतक्या धावत्या रीतीने येतो की, तक्रार करावयाचीच तर ती घाईची करावी लागेल.

तिसरा संघर्ष तानजिरो व गियू विरुद्ध आकाझा असा आहे. आकाझा हा निःशस्त्र युद्धकलेत पारंगत असलेला राक्षस आहे. २०२० च्या ‘मुगेन ट्रेन’ या चित्रपटात त्यानेच रेंगोकूचा अंत केला होता. साहजिकच प्रेक्षक सूडाची अपेक्षा घेऊन आलेला असतो. आक्षेपाचा रोख मुख्यतः याच भागावर असल्याने त्याचा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे.

आकाझाचा पूर्ववृत्तान्त :

आकाझा मनुष्य असताना त्याचे नाव हाकुजी होते. आजारी पित्याच्या औषधासाठी तो चोऱ्या करी. मुलाच्या या कृत्यांचे ओझे असह्य होऊन पित्याने आत्महत्या केली. पुढे केइझो या युद्धकलेच्या गुरूने त्याला आश्रय दिला. गुरूची आजारी कन्या कोयुकी हिची शुश्रूषा करता करता त्याचे जीवन सावरले आणि दोघांचा विवाहही ठरला. मात्र शेजारच्या प्रतिस्पर्धी आखाड्यातील लोकांनी विहिरीत विष कालवले आणि गुरू व कोयुकी दोघेही मृत्युमुखी पडले. हाकुजीने केवळ हातांनी ६७ जणांना ठार केले. त्यानंतर मुझानने त्याला राक्षस बनविले आणि त्याची पूर्वस्मृती लोपली.

हा वृत्तान्त कोणत्या क्षणी येतो, हे येथे महत्त्वाचे आहे. तानजिरो युद्धेच्छेचा लोप साधून आकाझाचे मस्तक छेदतो. राक्षसकथेच्या नियमानुसार युद्ध तेथेच संपावयास हवे. परंतु धड उभेच राहते, लढत राहते. बळाची लालसा मृत्यूलाही जुमानत नाही. तलवारीचे काम संपले आहे आणि तलवार अपुरी ठरली आहे. अशा वेळी कोयुकीची आठवण जागी होते. आपण ज्यांच्यासाठी बळ कमावले ती माणसे केव्हाच गेली, हे उमगल्यावर आकाझा स्वतःवरच आघात करतो. त्याचा अंत स्मृतीने होतो. हा पूर्ववृत्तान्त वगळला तर युद्धाला शेवटच उरत नाही. सबब त्याला व्यत्यय म्हणणे तर्कसंगत ठरत नाही.

या स्मृतीची पूर्वतयारीही दृश्यातून केलेली आढळते. लढताना आकाझाच्या पायाखाली उमटणारी हिमस्फटिकाची आकृती कोयुकीच्या केसांतील अलंकाराशी साम्य राखते. म्हणजे त्याच्या युद्धकौशल्यातच विसरलेला भूतकाळ दडलेला असतो.

भारतीय परंपरेच्या संदर्भात :

कर्णपर्वात कर्णाच्या रथाचे चाक भूमीत रुतते, परशुरामाच्या शापाने अस्त्रविद्येचे विस्मरण होते आणि त्याच क्षणी श्रीकृष्ण त्याला द्रौपदीची विटंबना व अभिमन्यूचा वध यांचे स्मरण करून देतो. बाण थांबतो आणि भूतकाळ बोलू लागतो. कीर्तनातील आख्यानात हा प्रसंग ऐकणाऱ्या श्रोत्याला कथा रेंगाळल्याचे कधी जाणवत नाही, कारण कर्णाचा अंत त्याच्या गतायुष्यातूनच येत असतो.

भंडारा जिल्ह्यासह झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने रात्रभर दंडार आणि नाटके रंगतात. गाणी व नृत्ये यांमुळे तेथेही कथानक वारंवार थांबते. तथापि हे साम्य मर्यादितच आहे. तेथील थांबा पुष्कळदा रंजनासाठी असतो, तर प्रस्तुत चित्रपटातील थांबा कथानकाचा निर्णय करतो. झाडीपट्टीच्या रसिकाला थांबण्याची सवय आहे, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

अनौचित्य हेच रसभंगाचे कारण, असे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त प्रतिपादन केले आहे. रौद्रातून करुणाकडे होणारे संक्रमण म्हणजे आपोआप रसभंग नव्हे. सूडाच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकाचा क्रोध शोकात परिणत होण्यास वेळ लागतो आणि चित्रपट तो वेळ देतो.

मर्यादा :

साप्ताहिक प्रकरणांची मूळ रचना चित्रपटात पुरेशी विरघळलेली नाही, हे मान्य करावे लागते. आधीची मालिका न पाहिलेल्या प्रेक्षकाला शिनोबू व झेनित्सू यांच्या भागांचे मर्म पूर्णतः उमगणे कठीण आहे. पण हा दोष पूर्वपरिचय गृहीत धरण्याचा आहे. तो संथपणाच्या खात्यावर मांडणे योग्य नाही.

निष्कर्ष :

१. चित्रपटाची गती हालचालीच्या प्रमाणावरून न ठरविता परिणामकारकतेवरून ठरविणे आवश्यक आहे.

२. तीन संघर्षांना दिलेली तीन भिन्न गती हेतुपूर्ण आहे.

३. आकाझाचा पूर्ववृत्तान्त हा युद्धाचाच अंतिम टप्पा असून त्याच्या दीर्घत्वाला कथानकीय कारण आहे.

४. लोकप्रिय अ‍ॅनिमेशनपटांचे मूल्यमापन करताना रसविचार आणि आख्यानपरंपरा ही साधने उपयुक्त ठरतात. महाविद्यालयीन स्तरावर विद्यार्थ्यांच्या आवडीच्या या कलाप्रकाराकडे त्या दृष्टीने पाहिले जावे.