बागेतली शाळा आणि पाण्याचा हिशेब

शाळा बागेसारखी असावी, ही कल्पना कोणाला आवडणार नाही? मध्ये चौक, चौकात पाण्याचा हौद, भोवती झाडे आणि कमानींच्या सावलीत भरणारे वर्ग, असा इराणी धर्तीचा आराखडा कागदावर फार मोहक दिसतो. जालना जिल्ह्यातल्या जाफराबादला अशी शाळा बांधायची ठरवली, तर त्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे, हे आम्हांला येथे तपासायचे आहे.

ही धाटणी आपल्याला अगदी परकी नाही. बाग, हौद, दालन हे शब्द फारसीच्या वाटेनेच मराठीत आले आणि त्यांच्याबरोबर इमारतीही आल्या. मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरमध्ये महमूद गवानचा मदरसा आजही उभा आहे. गवान हा इराणच्या गिलान प्रांतातून आलेला बहमनी वजीर. १४७२ च्या सुमारास त्याने बांधलेली ही तीन मजली वास्तू म्हणजे दख्खनमध्ये उतरलेली इराणी शाळाच होय. मध्ये अंगण आणि त्याच्या बाजूंना एकीकडून पूर्ण उघडी, उंच कमानीची दालने. अशा दालनाला ‘ऐवान’ म्हणतात. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात तिचा दर्शनी भाग आणि एक मिनार उडाला. दर्शनी भागावरच्या रंगीत फरश्यांचेही आता थोडेच तुकडे उरले आहेत.

इमारत म्हणून तिचे कौतुक पुष्कळ झाले आहे. शाळा म्हणून पाहिले, तर ऐवानाचा मोठा गुण उजेडाचा आहे. वाचणाऱ्या मुलाला उजेड हवा, पण पुस्तकावर ऊन नको. अंगणावरून परतून आलेला प्रकाश ही गरज छान भागवतो. परंतु तीच उंच कमान पावसाळ्यात दोष ठरते. इराणमधल्या यझ्द शहरी वर्षाला जेमतेम साठ मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतांशी थंडीत. जालना जिल्ह्यात सहाशे मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बराचसा शाळा चालू असताना, तिरपा! ऐवानात बसलेला वर्ग भिजणारच. आपल्या वाड्याची ओसरी बुटक्या, उतरत्या छपरामुळे ऊन आणि पाऊस दोन्ही अडवते. या बाबतीत आम्ही निःसंकोच ओसरीच्या बाजूने आहोत.

आता हौदाकडे वळू. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. माठ गार राहतो तो याच कारणाने. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. सहा मीटर लांब, तेवढ्याच रुंद व ३.३ मीटर उंच वर्गात सुमारे १३५ किलो हवा असते. एवढी उष्णता केवळ त्या हवेतून काढून घेतली, तर तिचे तापमान सतरा-अठरा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात भिंती व छप्पर उष्णता देत राहतात, बाहेरची हवा आत येते, आणि हवा दमट होत जाईल तसे बाष्पीभवनही मंदावते. म्हणून एवढा फरक पडत नाही. तरीही यझ्दच्या कोरड्या हवेत हौद खरोखर कामाचा आहे.

जाफराबादला हवा अशी कोरडी केव्हा असते? मार्च ते मे. पण मे महिन्यात शाळेला सुट्टी! जूनच्या मध्यास शाळा उघडते, तोवर पाऊस येऊ घातलेला असतो आणि पुढचे तीन-चार महिने दमट हवेत हौद जवळजवळ निरुपयोगी असतो. म्हणजे उपयोग उरला तो मुख्यतः मार्च-एप्रिलचा, आणि नेमके तेव्हाच पाणी आटत आलेले असते. पाच मीटर लांब व चार मीटर रुंद हौदातून कडक उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले, तर ते दोनशे लिटर होते. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्याने पिण्यासाठी टँकरची वाट पाहिली आहे. दोनशे मुलांना प्रत्येकी एक लिटर प्यायचे पाणी रोज हवेत सोडून देणारा आराखडा आम्हांला मान्य नाही.

गंमत अशी, की इराणी बागेचे खरे शहाणपण हौदात नसून त्याच्या मागे, जमिनीखाली आहे. डोंगराच्या पायथ्याचे पाणी भुयारातून, उन्हाची झळ लागू न देता आणायचे, ही कारेझची युक्ती. बीदरजवळ नौबाद येथेही बहमनी काळातली कारेझ आहे. जाफराबाद केळना-पूर्णेच्या संगमावर असले, तरी शाळेने आपले पाणी छपरावरूनच घ्यावे. दोनशे चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ९६,००० लिटर पाणी मिळते. त्यातले साठवता येईल तेवढे झाकलेल्या टाक्यात ठेवावे. टाके भिंतीपासून दूर हवे, कारण काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते आणि वरच्या भिंतीला तडे देते. पायाला लागून पाण्याचे पाट व फुलझाडे काढणाऱ्या आराखड्याने या मातीचा विचार केलेला नसतो.

राहता राहिली सावली. जाफराबाद सुमारे २०.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, यझ्द सुमारे ३२ अंशांवर. विषुवदिनी भर दुपारी सहा मीटर उंच भिंतीची सावली यझ्दला पावणेचार मीटर पडते, जाफराबादला सव्वादोन. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. तेव्हा नुसत्या भिंतींचा चौक येथे पुरणार नाही, त्यात कडुनिंबच हवा. सुरूसारखी सरळसोट झाडे चित्रात शोभतात. त्यांच्याखाली वर्ग भरत नाही.

शिक्षकांना आमची सूचना आहे, की आराखडा हाती घेण्यापूर्वी दोन तापमापक आणावेत. एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळावे, दोन्ही ओसरीत टांगून वारा घालावा आणि मुलांकडून दुपारी दोन वाजता वर्षभर नोंदी करून घ्याव्यात. दोन्हींतला फरक एप्रिलमध्ये किती भरतो आणि ऑगस्टमध्ये किती उरतो, ते वहीत समोरासमोर मांडावे आणि मग आराखडा काढणाऱ्याला बोलवावे.