नावेत राहिलेला जब्दी

घिरलांदायोचं 'प्रेषितांना पाचारण' हे भित्तिचित्र रोममधल्या सिस्टाइन चॅपेलमध्ये आहे. काळ १४८१-८२. पुढे पेत्र आणि अंद्रिया ख्रिस्तासमोर गुडघे टेकून बसलेत. मागे डावीकडे तेच दोघं अजून नावेत, तर उजवीकडे याकोब आणि योहान यांना काठावरून हाक चालली आहे. एका चौकटीत तीन प्रसंग, आणि तरी गोंधळ नाही. मांडणी चोखच.

अडचण आहे ती गर्दीची. मार्कच्या वृत्तांतात इथे जमाव नाही. लूकच्या आहे, पण तो उपदेश ऐकायला आलेला. चित्रातले लोक मात्र फ्लोरेन्सचे तत्कालीन प्रतिष्ठित, आपापली छबी उमटवून घ्यायला उभे.

या गर्दीत जब्दी हरवतो. मार्क सांगतो, मुलांनी बापाला मजुरांबरोबर नावेत सोडलं. आपण सरसकट 'गरीब कोळी' म्हणतो. पण मजूर ठेवणारा माणूस म्हणजे चालता धंदा. १९८६ साली गालील सरोवराच्या काठी, चिखलात, त्याच काळाच्या सुमाराची नाव सापडली. लांबी आठ मीटरच्या वर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. अशी नाव एकट्यादुकट्याने चालत नाही. घरचे दोघं उठून गेले, तर जाळं ओढायचं कुणी?

घिरलांदायोने जब्दीला वगळलेलं नाही, पण मागे, बारीकसा ठेवलाय. मुलं गेली त्याची झळ त्यालाच बसली. चित्रात पुढची जागा मात्र बघ्यांना मिळाली.