फर्माईश आणि शिफारस

फर्माईश आणि शिफारस हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले आणि दोन्ही येथे चांगले रुळले. त्यांच्या दिशा मात्र परस्परविरुद्ध आहेत. फर्माईश श्रोता करतो. शिफारस श्रोत्याकडे केली जाते. शिफारशीला आपल्या बोलण्यात वशिल्याचाही थोडा वास आहे. गाणे ऐकण्याच्या आपल्या सवयींत गेल्या साठसत्तर वर्षांत जो पालट झाला, तो या दोन शब्दांच्या मधल्या अंतरात सामावलेला आहे, असे आम्हांस वाटते.

१९५२च्या सुमारास माहितीमंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षी सुरू झाली. पुढे १९५७ साली 'विविध भारती' आली आणि फर्माईशीच्या पत्रांचा पूर लोटला. अभ्रकाच्या खाणींमुळे ठाऊक असलेले झुमरी तलैया हे गाव साऱ्या देशाला पाठ झाले ते केवळ तेथील लोकांच्या पोस्टकार्डांमुळे. त्या काळी गाण्याआधी माणसांची आणि गावांची नावे वाचली जात. निवड अखेर निवेदकाच्याच हाती होती, हे खरे. पण कोणते गाणे कोणाला हवे आहे, हे ऐकणारे सारेच जाणत होते.

आजच्या ऑनलाइन संगीतसेवांत हा व्यवहार उलटा झाला आहे. सप्टेंबर २०१६मध्ये जिओचे स्वस्त इंटरनेट आले. २०१९ साली स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक भारतात उतरले. या सेवांच्या शिफारशीचे मूळ तत्त्व फारसे गूढ नाही. आपण ऐकलेली गाणी आणखी कोणी कोणी ऐकली ते पाहायचे, आणि त्या अनोळखी मंडळींनी ऐकलेले परंतु आपण न ऐकलेले गाणे आपल्यापुढे ठेवायचे. त्याच्या जोडीला गाण्याचा ताल, वेग, भाषा यांचीही मोजदाद होते. आपण ऐकत राहिलो की होकार, मध्येच पुढे सरकलो की नकार. फर्माईशीचे पोस्टकार्ड आपण विचार करून लिहीत होतो. हे पत्र आपला अंगठा आपल्या नकळत लिहितो.

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात या पालटाचा एक मधला टप्पा होऊन गेला, आणि त्याची नोंद कोणी घेतलेली आमच्या पाहण्यात नाही. कॅसेट मागे पडली होती आणि इंटरनेट अजून महाग होते, त्या आठदहा वर्षांत गाण्यांचा दलाल होता तो मोबाइलच्या दुकानातला पोरगा. दहावीस रुपये घेऊन तो मेमरी कार्डात गाणी भरून देई. त्याच्या संगणकात कप्पे पाडलेले असत: नवीन हिंदी, भीमगीते, भजने, कव्वाली, लेंगी, वरातीची डीजे गाणी. गिऱ्हाइकाने 'काहीही चांगलं टाक' म्हटले की तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे एकवार पाही आणि कप्पा निवडी. शिफारस करणारे यंत्र आमच्या भागात प्रथम आले ते या रूपाने, असे म्हणावयास हरकत नसावी.

त्याची निवड निर्मळ होती असे मात्र समजू नये. आडनाव आणि वस्ती पाहून तो कप्पा ठरवी. बौद्ध वस्तीतल्या मुलाला भीमगीते, तांड्यावरच्याला लेंगी, मोमिनपुऱ्याकडच्याला कव्वाली. आजच्या यंत्राला जात ठाऊक नाही, असे त्याचे कैवारी सांगतात, आणि ते शब्दशः खरेही असेल. पण सारख्यांना सारखे दाखवीत जाणारे यंत्र अखेर त्याच वस्तीच्या भिंतीशी येऊन थांबते. दुकानातला पोरगा निदान चुके. घाईत एखादा भलताच कप्पा भरून देई, आणि तांड्यावरच्या घरात वामनदादा कर्डकांचे गाणे पोहोचे. यंत्राची चूक आपल्याला आवडली नाही तर ती पुन्हा होऊ नये अशी तजवीज यंत्रच करते.

आणि या साऱ्याच्या वर होता भोंगा. चौदा एप्रिलला निळ्या पताकांखालून, रामनवमीला मंदिरावरून, उरुसाला दर्ग्यावरून, लग्नसराईत कोणाच्याही मांडवातून जे वाजे ते साऱ्या गावाला ऐकावे लागे. भोंग्याच्या गोंगाटाचे कौतुक आम्ही करीत नाही. परीक्षेच्या दिवसांत त्याने मुलांचे किती हाल केले हे गावोगावचे पालक सांगतील. तरी शेजाऱ्याचे गाणे न मागता कानी पडणे, ही गोष्ट त्याच्यामुळे घडत होती. विदर्भातल्या कित्येक बिगरदलित घरांतील माणसांना भीमगीतांच्या चाली पाठ आहेत त्या याच वाटेने. कानांत बोंडे घालून ऐकणाऱ्या पिढीला ही वाट उरलेली नाही, आणि शिफारशीच्या कोणत्याही यादीने ती मोकळी करून दिलेली आम्हांस दिसत नाही.

आता भाषेचा प्रश्न. संगीतसेवा पहिल्याच भेटीत भाषा विचारते. ज्या याद्या आम्ही पाहिल्या त्यांत मराठी आहे, भोजपुरी आहे, हरियाणवी आहे. बंजाऱ्यांची गोरबोली नाही. वाशीम जिल्ह्यातच मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, जिला बंजारा समाज आपली काशी मानतो. ऑक्टोबर २०२४मध्ये तेथे नगाऱ्याच्या आकाराचे संग्रहालयही उघडले. आणि जनगणनेत लमाणी व बंजारी या भाषा हिंदीच्या पोटात मोजल्या जातात. या बोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. एकाच चालीची गाणी तीन लिप्यांतल्या तीन नावांनी चढविली जातात आणि तीन वेगळ्या भाषांच्या खात्यात जमा होतात. अनसिंगच्या आसपासच्या तांड्यातली मुलगी ढावलो शोधू लागली, तर निजामाबादकडच्या बाईने गायिलेला ढावलो तिच्यापुढे यावा कसा? दोघींची बोली एक, गाणे एक, पाटी वेगळी. वसईच्या वाचकांना हे दुःख नवे वाटू नये. सामवेदी लग्नगीतांनाही अशा याद्यांत स्वतःचे घर नाही, ती कधी मराठीत तर कधी 'लोकगीते' या अडगळीत सापडतात.

पाटीवरून आम्हांस गाण्याच्या कर्त्याची आठवण होते. आपल्या परंपरेत कर्त्याचे नाव पाटीवर नसतेच, ते गाण्यातच असते. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुका असतो, राष्ट्रसंतांच्या खंजिरी भजनात तुकड्यादास असतो, आणि वामनदादांच्या गीतात वामन. ही नाममुद्रा म्हणजे कवीने काळाशी केलेला करारनामा होय. गायक बदलला, चाल बदलली, कॅसेट कंपनीने नाव गाळले, तरी गाणे पुरते गायिले की कवी हजर. वामनदादा २००४ साली गेले. त्यांची गाणी कितीएक गायकांच्या नावाने संगीतसेवांवर आहेत, आणि कित्येकांच्या पाटीवर गीतकाराचे नाव शोधूनही सापडत नाही. तेवढ्याने बिघडले नसते. पण नव्या हिशेबात तीस सेकंद ऐकले की गाणे ऐकले असे धरले जाते. श्रोता चाळिसाव्या सेकंदाला पुढे सरकला, तर गाणे मोजले गेले, पैसे कोणाच्या तरी खात्यात पडले, आणि अखेरच्या कडव्यातला वामन ऐकलाच गेला नाही. कडव्यामागून कडवे चढवीत शेवटच्या ओळीत आपला पक्ष सिद्ध करणारी ही रचना. तिला सुरुवातीच्या तीस सेकंदांवर पारखणे म्हणजे वकिलाचे नाव पुकारताच निकाल देणे झाले.

याउलट बाजूही मांडली पाहिजे. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेले संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' हे गाणे कोणत्याही चित्रपटाचे नव्हते. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या या तरुणाने ते स्वतः लिहिले, स्वतः गायिले, आणि मराठीचा गंध नसलेल्या प्रांतांतही ते नाचले गेले. जुन्या कंपन्यांच्या दारात असा मुलगा कदाचित वर्षानुवर्षे उभा राहिला असता. गाण्याचे ध्रुवपद लगेच पकड घेते, ताल सोपा आहे, भाषा घरगुती आहे. हे त्याचे गुण आम्ही मोकळेपणाने मानतो. ते नव्या तराजूला नेमके मानवणारे गुण आहेत, इतकेच सुचवतो.

या तराजूविषयी एक प्रयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. २००६ साली सॅल्गानिक, डॉड्स आणि वॅट्स या अमेरिकेतील संशोधकांनी चौदा हजारांवर श्रोत्यांपुढे अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ठेवली. काहींना इतरांची पसंती दाखविली नाही. बाकीच्यांचे आठ वेगळे गट करून प्रत्येकाला आपल्याच गटाची पसंती दाखविली. उत्तम गाणी सहसा बुडाली नाहीत, टाकाऊ सहसा तरली नाहीत. पण मधल्या गाण्यांचे काय होईल याचा नेम राहिला नाही. एका गटात वर गेलेले गाणे दुसऱ्या गटात तळाशी. आणि बहुतेक गाणी, बहुतेक लेखांप्रमाणेच, मधलीच असतात. त्यावर पुन्हा वशिल्याचीही सोय झाली आहे: स्पॉटिफायने २०२० साली अशी योजना काढली की मानधनाचा काही भाग सोडला तर गाणे अधिक सुचविले जाईल. २०२४पासून, मागल्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला तेथे मानधनच नाही. एखाद्या तांड्याच्या गाण्याने हे हजार गाठावेत तरी केव्हा, हे पाहायचे तर लेंगीकडे पाहावे.

लेंगी ही होळीची. फाल्गुनात तांड्यावर डफ वाजू लागला की बायका आणि पुरुष फेर धरतात, एकमेकांना गाण्यातून डिवचतात, आणि होळी सरली की डफ खुंटीला लागतो. पुढे अकरा महिने ती कोणी म्हणत नाही. म्हणू नये असा लिखित नियम नाही, पण अवेळी लेंगी धरणाऱ्याकडे म्हातारी माणसे वळून पाहतात. गेल्या होळीत आम्ही आमच्या फोनवर हौसेने आठदहा लेंग्या ऐकल्या. नंतरचे महिने फोन गप्प होता. श्रावणात, पाऊस लागून राहिला असता, त्याने एके सकाळी आपणहून लेंगी सुचविली. घरात कामाला आलेल्या तांड्यावरच्या बाईंनी ती स्वयंपाकघरातून ऐकली आणि विचारले, "बाबूजी, आज काय आहे?"